उदगीरचा क्वार्टरबॅक

सिद्रामनं उदगीरच्या मोंढ्यात पहिल्यांदा सांगितलं की मी क्वार्टरबॅक झालोय, तेव्हा निम्म्या लोकांना तो बँकेत लागला असंच वाटलं. शेजारच्या आडत्यानं तर त्याच्या वडलांना विचारलं, "काय आप्पा, पोराला बँकेनं क्वार्टर बी दिलं म्हणं?" आप्पांनी "हाव, हाव" म्हणून मान हलवली. आपला मुलगा नक्की काय झालाय हे त्यांनाही उमगलं नव्हतं, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं.

मला मात्र तो काय होता ते पक्कं माहीत आहे. आपल्या देशात अमेरिकी फुटबॉलची एक व्यावसायिक लीग निघाली होती. चिलखतासारखे पॅड आणि हेल्मेट घालून, पायांपेक्षा हातांनी जास्त खेळतात तो फुटबॉल. ती लीग एकच हंगाम जगली. त्या हंगामात सिद्राम आमच्या संघाचा क्वार्टरबॅक होता आणि मी त्याच्यापुढं उभा राहणारा गडी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. प्रत्येक डावात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. आपले काही गडी पुढं पळत सुटतात. त्यातला कोण मोकळा होईल ते हेरून, तो जिथं पोचणार असेल तिथं चेंडू फेकायचा. हे सगळं दोन-तीन श्वासांत, कारण तेवढ्यात समोरचे रेड्यासारखे गडी त्याला आडवा करायला धावत येतात. त्यांना अडवायला आम्ही पाच जण. म्हणजे सिद्राम कायम माझ्या पाठीमागं. त्याची फेक मला कधी दिसायचीच नाही. समोरच्या गड्याचे डोळे एकदम वर जायचे, मग त्याचा चेहरा पडायचा. त्यावरून मी ओळखायचो की चेंडू नीट पोचला.

आमची ओळख नांदेडच्या कॉलेजातली. मी भोकरचा, कबड्डीतला. तो उदगीरचा, हँडबॉलमधला. उंच, किडकिडीत, बोटं लांबसडक. रोज सकाळी कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे ओढल्याशिवाय खोलीबाहेर पडायचा नाही. बोलायचा कमी. जे बोलायचा त्यातलं निम्मं "थांब, दिसंल" एवढंच असायचं. बस कधी येईल, निकाल कसा लागेल, मेसमध्ये आज काय आहे, कशालाही त्याचं उत्तर हेच. सुरुवातीला मला चीड यायची. मला वाटायचं, ह्याला काही पडलेलीच नाही.

तो दुष्काळाचा काळ होता. गोदावरीत पुलाखाली डबकी उरली होती. वसतिगृहाचा टँकर आधी दिवसाआड आला, मग येईनासा झाला, आणि एक दिवस सांगितलं गेलं की पाणी नाही, मुलांनी आपापल्या घरी जावं. त्याच आठवड्यात आमच्या खेळाच्या सरांनी सांगितलं की हैदराबादला कुठल्याशा नव्या फुटबॉलची निवड चाचणी आहे, राहायची सोय आहे. सिद्राम म्हणाला, "जाऊ. तिथं आंघोळ तरी होईल."

चाचणीला शंभरावर पोरं जमली होती. कुणी पैलवान, कुणी रग्बीवाला, कुणी भालाफेकीतला. कोच अमेरिकेतला एक म्हातारा होता, उन्हानं मान लालबुंद झालेली. त्यानं तो लांबोडका चेंडू एकेकाच्या हातात दिला आणि फेकायला सांगितलं. पोरं मिळाल्याबरोबर भिरकावत होती. सिद्रामनं घेतला आणि नुसता हातात फिरवत बसला. शिवण कुठं आहे, टोक कसं आहे, बोटं कुठं बसतात. मागची पोरं ओरडायला लागली. कोचनं त्यांना हातानंच थांबवलं. सिद्रामची पहिली फेक कोलमडत गेली, दुसरीही तशीच. तिसरी मात्र गिरकी घेत अशी निघाली की कोचनं डोक्यावरची टोपी काढली. दुपारपर्यंत कोच बाकीच्यांकडं बघायचाच थांबला होता.

निवडला गेल्यावर तो एक चेंडू घेऊन घरी गेला होता. आप्पांनी तो दाबून पाहिला. "ह्यो दबलेला हाय. टप्पा कुठं पडंल, उसळून कुठं जाईल, काय नेम?"

सिद्राम म्हणाला, "म्हणून तर खाली पडू द्यायचा न्हाई, आप्पा."

लीगचे सगळे सामने दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराबाहेरच्या मैदानावर होते. प्रेक्षक नसायचेच. कॅमेरे असायचे. सामने आधी चित्रित करायचे आणि नंतर टीव्हीवर दाखवायचे असा बेत होता. मैदानावर गुडघाभर उंचीचे फवारे रोज सकाळी गवतावर पाणी उडवत. पहिल्या दिवशी सिद्राम त्या फवाऱ्यांकडं इतका वेळ बघत उभा राहिला की कोचनं त्याला हाक मारली. त्याला मैदानाचं काही करता येण्यासारखं नव्हतं, पण आतले नळ तो सोडत नसे. कुणी दात घासताना नळ चालू ठेवला की हा मागून जाऊन बंद करायचा. सगळा संघ त्याला नळवाला म्हणायला लागला. त्यानं मनावर घेतलं नाही. पंधरा दिवसांनी मी पाहिलं, आमचा केरळचा एक धिप्पाड गडी तोंडाला साबण लावलेल्या स्थितीत चाचपडत नळ बंद करत होता.

कोच त्याला "सिड" म्हणायचा. सिद्राम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. दोन-तीनदा हाक मारून कोच जवळ आला तेव्हा यानं छातीवर हात ठेवून सावकाश सांगितलं, "सिद्राम." त्यानंतर कोच तोंड वेडंवाकडं करून का होईना, पूर्ण नाव घ्यायला लागला.

खरा पेच पडला गळ्यातल्या लिंगावरून. सामन्यात अंगावर दागिना, साखळी काही चालत नाही असा नियम. सिद्राम लिंगायत घरातला. लहानपणी गळ्यात बांधलेलं लिंग त्यानं कधी अंगावेगळं केलेलं नव्हतं. तो कोचला म्हणाला, "सर, हे काढायचं नसतं. नियम असंल तर मी खेळत न्हाई." आवाज चढवला नाही, विनवणीही केली नाही. पहिला सामना तासाभरावर होता. कोचनं पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढली आणि स्वतःच्या हातानं ते लिंग सिद्रामच्या छातीला पट्टीवर पट्टी लावून घट्ट बसवून दिलं. वरून पॅड चढवले. पंचाला बोलावून दाखवलं. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी हे काम कोचच करायचा, दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. विभूतीही सिद्रामनं सोडली नाही. त्याच्या हेल्मेटची आतली गादी कपाळाच्या जागी पांढरी पडली होती.

तो शाकाहारी होता, याची कोचला भयंकर काळजी. असा माणूस मार कसा सोसणार? सिद्राम खिशात शेंगदाणे आणि गूळ ठेवायचा. हंगाम संपेपर्यंत कोचच्या खिशातही शेंगदाणे दिसायला लागले होते.

आता त्याची करामत सांगतो. चेंडू हलण्याआधी क्वार्टरबॅक आकडे ओरडतो. कितव्या आकड्याला चेंडू हलणार ते आपल्याच संघाला ठाऊक असतं. चेंडू हलण्याआधी समोरच्यानं रेघ ओलांडली तर त्याला दंड होतो आणि आपण पुढं सरकतो. पहिल्या दोन सामन्यांत सगळे इंग्रजीत ओरडत होते आणि समोरचे आमची लय ओळखून बरोबर वेळेवर अंगावर येत होते. तिसऱ्या सामन्यात सिद्रामनं कानडी काढली. उदगीरच्या बाजारात कानडी, मराठी, तेलुगू एकाच तोंडात नांदतात, त्याच्या घरात तर कानडीच. "ओंदु... एरडु..." असं शांतपणे म्हणत जायचा आणि मध्येच अंगावर ओरडल्यासारखं "ब्याड!" म्हणायचा. ब्याड म्हणजे नको. आम्हाला शिकवून ठेवलं होतं, ब्याड म्हटलं की कुणी बोटसुद्धा हलवायचं नाही. समोरच्या पंजाबच्या पोरांना वाटलं हाच इशारा. सगळी रांग धाडकन आमच्या अंगावर आली. शिट्टी वाजली, दंड झाला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पंचानं सिद्रामला बोलावलं आणि विचारलं, तू नेमकं काय ओरडतोस?

सिद्राम नांदेडच्या हिंदीत म्हणाला, "मैं तो नको बोला साब. इनोंच नै सुने."

पंच हसू दाबत माघारी वळला. मी रेघेवर वाकून उभा होतो, हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

त्या पंजाबच्या संघात बलविंदर नावाचा एक गडी होता. दारात उभा राहिला तर दार दिसू नये असा. पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, कुठले? नांदेड म्हटल्याबरोबर त्यानं हात कपाळाला लावला. "हजूर साहिब से आए हो?" त्याच्या आजोबांनी नांदेडच्या त्या गुरुद्वारात सेवा केली होती. आम्हाला वाटलं, चला, हा तरी जरा हळू मारेल. त्या दिवशी सिद्रामला त्यानं जेवढं आपटलं तेवढं हंगामात कुणी आपटलं नाही. प्रत्येक वेळी आपटून झालं की हात देऊन उठवायचा आणि पॅडवरचं गवत झटकायचा. तो सामना आम्ही हरलो. ब्याडचे दंड मिळूनही हरलो.

शेवटच्या सामन्यात पुन्हा तोच संघ समोर आला. सामन्याच्या आदल्या सकाळी आम्ही नाश्ता करत असताना मॅनेजर आला. तो खाली बघून बोलत होता. लीग पुढच्या वर्षी नसणार. चॅनेलवाले निघाले. उद्याचा सामना कुणी दाखवणार नाही. ज्यांना आज जायचं असेल त्यांच्या तिकिटांची सोय केली आहे.

पुरीचा घास तोंडात घेऊन मी तसाच बसलो होतो. निम्मी पोरं उठून सामान भरायला गेली. मीही गेलो. खोलीत आलो तर सिद्राम खिडकीत बसून नखं कापत होता. सामन्याआधी तो नेहमी नखं कापायचा, चेंडूला लागू नयेत म्हणून.

"आरे, नखं काय कापून राहिला?"

"उद्या मॅच हाय ना."

"कोण बघणार हाय ती? कॅमेरे बी चालले."

"हाव. पण आपण त्यांना अजून हरवलं न्हाई ना, माधवा."

मी पिशवी खाली ठेवली. तो उठला आणि थेट बलविंदरच्या खोलीवर गेला. मी मागोमाग. बलविंदर पलंगावर पाय सोडून बसला होता, बॅग भरलेली. सिद्रामनं विचारलं, "कल आता क्या?"

बलविंदरनं त्याच्याकडं पाहिलं. "तू आएगा?"

"मैं तो आताय."

"तो मेरे को क्यों पूछ रहा है?" असं म्हणून बलविंदरनं बॅगेतून बूट बाहेर काढले. संध्याकाळपर्यंत दोन्ही संघांतले जवळजवळ सगळे थांबले होते.

दुसऱ्या दिवशी धावफलक बंद होता. दोन पंच आपणहून थांबले. बघायला मैदानाचे माळी, स्वयंपाकघरातली माणसं आणि एक कॅमेरामन, ज्याची गाडी संध्याकाळची होती. त्याचा कॅमेरा पेटीत बंद. कोचनं नेहमीसारखी पट्टी बांधली, जरा जास्तच वेळ घेऊन.

असा सामना मी पुन्हा खेळलो नाही. उत्तरार्धात बलविंदर रांग फोडून आत शिरला आणि सिद्रामला घेऊन खाली आला. सिद्राम उठला तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. खांदा निखळला होता. बाहेर नेऊन डॉक्टरनं तो बसवला, बांधला, आणि कोचला सांगितलं की आता पुरे. सिद्राम थोडा वेळ बाकावर बसला. हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली. मग हेल्मेट घालून आत आला. कोचनं त्याला अडवलं नाही. का नाही अडवलं, हे मी त्या म्हाताऱ्याला कधी विचारलं नाही.

अगदी थोडा वेळ उरला होता. आम्ही मागं होतो, पण शेवटच्या रेघेपलीकडं आपल्या गड्यानं एक फेक झेलली तर जिंकणार होतो. आम्ही घोळका करून उभे राहिलो. सिद्रामचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं सगळ्यांना कुणी कुठं पळायचं ते सांगितलं आणि मग माझ्याकडं वळला.

"माधवा, मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागंल."

"किती?"

"दिसंपर्यंत."

समोर बलविंदर. चेंडू हलला आणि त्याचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं. माझे बूट गवत नांगरत मागं चालले होते. कबड्डीत शिकलेलं सगळं संपलं आणि मी नुसता त्याला धरून राहिलो. मागून काहीच येईना. आरे फेक, फेक, असं मी मनात ओरडत होतो. मग बलविंदरचे डोळे माझ्या डोक्यावरून वर गेले. वर, आणखी वर, आणि हळूहळू खाली. त्याचा जोर एकदम गेला. स्वयंपाकघरातली माणसं पातेली बडवायला लागली.

बलविंदरनंच सिद्रामला उचललं. डाव्या बाजूनं, जपून, लहान मुलाला उचलावं तसं. त्या दिवसाचा एक फोटोसुद्धा नाही.

घरी आलो तेव्हा इकडं पुन्हा पाऊस नव्हता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. उदगीरमध्ये मात्र नव्या जिल्ह्याची हवा तापली होती. लातूर जिल्हा झाला तेव्हापासून उदगीरकर आपल्या पाळीची वाट बघत आहेत. बंद, मोर्चे, सभा चालू होत्या. अशाच एका सभेत एका पुढाऱ्यानं सिद्रामचा सत्कार ठरवला. उदगीरच्या मातीत काय माणसं निपजतात ते सरकारला दिसू दे, असा हिशोब. मी मुद्दाम भोकरहून गेलो. बॅनरवर सिद्रामचा फोटो होता, वर 'आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू' आणि पायाशी कुणीतरी चिकटवलेला गोल काळापांढरा चेंडू.

शाल झाली, श्रीफळ झालं. पुढाऱ्यानं माईक पुढं केला. सिद्राम म्हणाला, "मी आंतरराष्ट्रीय न्हाई. एका हंगामाचा हाय. आन् आमच्या खेळात चेंडू असा नसतो, हातानं फेकायचा असतो." लोक हसले. पुढाऱ्याचा चेहरा आंबट झाला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मग फेकून दाखवा की!"

सिद्रामनं हातातल्या नारळाकडं पाहिलं. नारळ फिरवून शेंडी मागं घेतली. लातूरच्या डॉक्टरनं त्याला हात खांद्याच्या वर न्यायचा नाही अशी सक्त ताकीद दिली होती, हे मला ठाऊक होतं. बसायला जागा नव्हती म्हणून मी पार मागं, चहाच्या गाड्याजवळ उभा होतो. त्यानं मान वर करून सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली.

"माधवा!"

आमच्या खेळात माझ्या जागेवरच्या गड्यानं पुढं फेकलेला चेंडू झेलायचा नसतो, तसा नियमच आहे. अख्ख्या हंगामात सिद्रामनं माझ्याकडं एकदाही फेकलं नव्हतं. आणि आता तो नारळ शेकडो डोक्यांवरून, स्पीकरच्या तारांवरून, शेंडी मागं ठेवून गिरकी घेत सरळ माझ्याकडं येत होता. इतके दिवस दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलेलं मी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही हातांनी छातीशी घेतला. श्वास कोंडला, पण पडू दिला नाही.

मग जो आवाज उठला, तसा जिल्ह्याच्या मागणीलाही उठला नव्हता. पुढच्या रांगेत आप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि शेजारच्या आडत्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "बँकेत न्हाई त्यो."

उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. सिद्रामचा उजवा हातही त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही. मी त्याला रागावलो. कशाला फेकलंस, म्हणालो. तो म्हणाला, "ते विचारून राहिले होते ना, मी काय केलं म्हणून. मग सांगायला नको?" एवढंच. पश्चात्ताप नाही, फुशारकी नाही.

पुढं तो लातूरच्या एका मुलींच्या शाळेत खेळाचा शिक्षक झाला आणि हँडबॉलचा संघ बांधला. स्वतः डाव्या हातानं फेकायला शिकला आणि डाव्या हातानंच शिकवतो. शाळेत कुणी नवीन माणूस आला आणि आधी काय करत होता म्हणून विचारलं, तर सरळ सांगतो, "क्वार्टरबॅक होतो." समजावत बसत नाही.

गेल्या वर्षी त्याचा संघ सामन्यासाठी नांदेडला आला होता. मी आता इथंच नोकरीला आहे, म्हणून बघायला गेलो. त्याच्या संघातल्या मुली एका गोलानं हरल्या. शेवटच्या मिनिटाला त्यांच्यातल्या एकीनं मारलेला गोल पंचानं दिला होता. मारताना तिचा पाय रेघेच्या आत पडला होता, ते पंचाला दिसलं नव्हतं. सिद्रामला दिसलं होतं. त्यानं हात करून पंचाला बोलावलं आणि सांगितलं, तसा तो गोल रद्द झाला. लातूरहून आलेले पालक त्याच्यावर भडकले. एक जण तर म्हणाला, "सर, तुम्ही आमचे का त्यांचे?" सिद्राम सरळ मुलींकडं गेला. त्या रडत होत्या. त्यानं त्यांना एका रांगेत उभं केलं.

"मान वर," तो म्हणाला. "त्यांना हात मिळवा. तोंड पुसू नका, घाम हाय त्यो, चोरी न्हाई."

त्या गेल्या, हात मिळवून आल्या.

बाहेर, पुलाच्या तोंडाशी, भाड्याची जीप उभी होती. जागा कमी होती. ज्या मुलीचा गोल गेला होता तिला त्यानं पुढं, खिडकीशी बसवलं. ती नको नको म्हणत होती. बाकीच्या मागं दाटीवाटीनं बसल्या आणि हा मागच्या फळीवर उभा राहिला, डाव्या हातानं वरचा गज धरून. माझ्याकडं बघून मान हलवली. जीप गोदावरीच्या पुलावर चढली. वारा होता, शर्ट फडफडत होता, छाती पुढं, मान ताठ. माझ्याशेजारी थांबलेल्या एका रिक्षावाल्यानं तिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "जिंकून चालली काय टीम?"

मी हाव म्हणालो.